पिवळ्या पट्टीच्या आत

हॉलमध्ये गाडी आली त्याला शनिवारी चार आठवडे झाले. गाडी म्हणजे फरशीवर चिकटवलेली पिवळी पट्टी. लांबी सहा मीटर, रुंदी दोन मीटर पन्नास मिलिमीटर. हॉल तेवढा लांब नव्हता, म्हणून गाडीचं नाक बाल्कनीत काढलं होतं आणि चालकाची खुर्ची कुंड्यांच्या रांगेत जाऊन बसली होती. पट्टीच्या आत एक आडवी खाट, एक घडीचं टेबल आणि ओटा म्हणून उभं केलेलं एक जुनं कपाट. एवढ्यात एक नवरा आणि एक बायको संसार करत होते, आणि त्यातली बायको मेटाकुटीला आली होती.

नवऱ्याला सगळे मिलिमीटर म्हणत. बसबांधणीच्या कारखान्यात त्याने चौतीस वर्षं नकाशे काढले होते, आणि एकदा तीन मिलिमीटर जास्त भरली म्हणून चाळीस बाकं सुताराकडे परत पाठवली होती. सुताराने त्या दिवशी वैतागून हे नाव ठेवलं, ते कायमचं चिकटलं. दुसऱ्यांच्या प्रवासाची सोय करण्यात उभा जन्म गेलेला हा माणूस स्वतः कधी कुठे गेला नाही. घर ते कारखाना, कारखाना ते घर. निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने तो बाल्कनीत उभा राहून खालून जाणाऱ्या बसची बाकं मोजायचा. बायकोला ते बघवत नसे. मग त्याला फोनवर एक गट सापडला.

गटात साडेचार हजार माणसं होती आणि सगळ्यांना एकच ध्यास. एक कंपनी पुढच्या वर्षी नव्या पिढीची कॅम्पर व्हॅन काढणार, ती आतून कशी असेल? कंपनीने चकार शब्द काढला नव्हता. हाताशी होता तो एकच फोटो, तोही ताडपत्री पांघरलेल्या गाडीचा, कुणीतरी कुंपणावरून काढलेला. छपरावर जो उंचवटा दिसतो तिथे दिवसा खाट वर जात असणार, हे मिलिमीटरने सावलीची लांबी मोजून सिद्ध केलं, आणि तेव्हापासून गटात त्याचा शब्द शेवटचा झाला. पाण्याची टाकी चाकांच्या मधे असणार. ओटा दारातून बाहेर सरकणार. टेबलाला पायच नसणार, ते भिंतीला लटकणार. रोज नवा तर्क, रोज नवा नकाशा, आणि त्यावरून परमुलुखातल्या माणसांशी हमरीतुमरी. पाण्यात म्हैस अन् वर मोल, त्यातला प्रकार.

तिला आधी गंमतच वाटली. रिकामा पुरुष घरात बसून किरकिर करण्यापेक्षा रेघा ओढतोय ते बरं. ती स्वतः शिवणकाम करायची. गल्लीत तिला शिवणकाकू म्हणत. आतल्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन होतं आणि तिथे बसलं की बाहेर कुणी काहीही काढो, तिला ऐकू येत नसे. भांडण झालं तरी ती तिथेच जाऊन बसायची. मशीन किती जोरात चालतंय त्यावरून तो राग मोजायचा.

मग एके दिवशी चहा पिताना तो म्हणाला, "हे घर काढून टाकू. ती गाडी आली की घेऊ आणि निघू. कायमचं. तुझं काय म्हणणं?"

"बघू," ती म्हणाली.

इथे घात झाला. तिच्या माहेरी 'बघू' म्हणजे 'नाही'. मिलिमीटरच्या घरी 'बघू' म्हणजे 'हो, पण आज नको'. बत्तीस वर्षांच्या संसारात हा घोळ कधी नडला नव्हता, तो आता नडला. पंधरवड्यात घराला गिऱ्हाईक आलं. एक दंतवैद्य, त्याला इथे दवाखाना थाटायचा होता. तो आतल्या खोलीत आला तेव्हा ती मशीनवर बसलेली होती. "उजेड छान आहे," तिच्या डोक्यावरून खिडकीकडे बघत तो म्हणाला, "खुर्ची इथेच टाकू." घर दोघांच्या नावावर होतं, त्यामुळे सह्याही दोघांच्या लागणार होत्या. चार आठवड्यांनी, रविवारी सकाळी अकराला तो कागद घेऊन येणार असं ठरलं.

"तोवर सराव करू," मिलिमीटर म्हणाला आणि दुकानातून पट्टी घेऊन आला. नियम सोपा होता. पट्टी म्हणजे भिंत. आत-बाहेर करायचं ते सरकत्या दारातून, आणि ते दार चपलांच्या कपाटासमोर. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि आतली खोली ही सगळी गाडीबाहेरची जागा. ती मशीनवर जायला निघाली की तो म्हणायचा, "परगावी चाललीस?" पहिले चार दिवस दोघंही हसली. लेक दुसऱ्या शहरात असायची, तिने फोनवर हे सगळं पाहिलं आणि म्हणाली, "आई, कसली मज्जा आहे तुमची! बाबांना इतकं खूश मी कधी पाहिलंच नव्हतं." ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच तिला तोंड उघडता येईना. खालची शेजारीण म्हणाली, "नशीब काढलंत हो. आमचे तर कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा सोबत नेत नाहीत."

पण नशीबवान बाईचं अंग पट्टीत मावत नव्हतं. खाटेवर ती आतल्या बाजूला, म्हणजे उठायचं तर नवऱ्याला ओलांडून. टेबल आणि कपाट यांच्यामधून जाणारा बोळ इतका अरुंद, की टेबलाचा कोपरा तिच्या डाव्या कमरेला लागायचा, रोज, नेमका त्याच जागी. तिथे आधी निळा डाग पडला, मग तो हिरवा झाला, मग हिरव्यावर पुन्हा निळा आला. मिलिमीटरच्या वहीत यासाठी रकाना होता. 'धडक क्रमांक २७. जागा: टेबल. कारण: लक्ष नसणे.' सत्तावीसच्या सत्तावीस तिच्याच, त्याची एकही नाही. तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली. अजून एका फटक्यात सुईत दोरा ओवणारी बाई, आणि तिला साधं टेबल चुकवता येऊ नये? ती पोट आत ओढून चालायला लागली. जेवताना कोपरं अंगाशी धरायला लागली. हळूहळू बोलायचीही कमी झाली, कारण बोलताना हात हलतात आणि हात कशाला तरी लागतात.

मशीनचं काय, हे तिने एकदा विचारून पाहिलं होतं.

"अकरा नकाशांत लावून पाहिलं," तो म्हणाला. "नाही बसत. आणि आता कशाला शिवायचं तुला? इतकी वर्षं राबलीस. आराम कर."

बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी म्हणतात. इथे मारणंबिरणं नव्हतं. गाडी अजून ताडपत्रीखाली होती आणि हिला आत्तापासून मायेने कोपऱ्यात सरकवणं चाललं होतं. दुष्टपणाने वागला असता तर ती चांगली कडाकडा भांडली असती. हा तिच्या उशीची उंची दोनदा बदलून बघत होता. अशा माणसाशी काय भांडणार?

शनिवारी दुपारी तो घराच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला गेला. ती टेबलाशी बसून एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला काजं करत होती. स्वयंपाकघरात दूध ठेवलं होतं. सूं असा आवाज आला, दूध वर येत होतं. ती उठली, बोळात तिरकी झाली, कोपरा चुकवला, दारापाशी गेली, दार सरकवलं, बाहेर पडली, गाडीला वळसा घातला आणि स्वयंपाकघरात पोचली तोवर अर्धं दूध शेगडीवर होतं.

गॅस बंद करून ती उभी राहिली. घरात कुणी नव्हतं. टेबलापासून शेगडी पाच पावलांवर होती, मधे फक्त एक चिकटपट्टी. आणि तिने वळसा घातला होता. नसलेलं दार हाताने सरकवलं होतं. तिला भीती वाटली. नुसत्या पट्टीने ही गत, तर उद्या या पट्टीच्या जागी पत्रा आल्यावर काय? आपण त्यात बसू, आपण इतक्या लहान होऊ की नक्की बसू, असं तिला वाटलं आणि ती भीती आणखी वाढली.

शेगडी तशीच ठेवून ती बाहेर आली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याचा मोठा नकाशा टेबलावर पसरला. कशात काय ते तिला कळत नव्हतं. तिला एवढंच बघायचं होतं की यात आपण कुठे आहोत. सापडली. बोळात वरून पाहिल्यासारखी दोन माणसं काढली होती. एकावर लिहिलं होतं 'मी', दुसऱ्यावर 'ती'. 'ती'च्या शेजारी आकडे होते. खांदे ३८१, कंबर ६६०, सीट ९१४.

ती इंचांत काम करणारी. तिने त्याचा कॅल्क्युलेटर ओढला आणि तिन्ही आकडे पंचवीस पूर्णांक चारने भागले. पंधरा, सव्वीस, छत्तीस. सीट म्हणजे बैठकीचा घेर, तो छत्तीस. ही कोण बाई? आकडे ओळखीचे वाटत होते, पण कुठले ते आठवेना. मग आठवलं. या वेळी तिने वळसा घातला नाही. पट्टीवर पाय देऊन ती सरळ आतल्या खोलीत गेली आणि मापांच्या वह्यांमधली सगळ्यात जुनी वही काढली. पहिल्याच पानावर तिचं स्वतःचं माप होतं. लग्नाच्या वर्षी निळा कोट शिवायला घेतला होता, त्या वेळचं. पंधरा, सव्वीस, छत्तीस.

तो परत आला तेव्हा वही आणि नकाशा शेजारीशेजारी ठेवून ती बसली होती.

"माझं माप कुठून घेतलंत?"

"तुझ्या वहीतून. तुझ्या हातच्या मापात कधी चूक नसते. म्हटलं, पुन्हा तुला कशाला त्रास."

"त्या पानावर साल लिहिलंय."

त्याने चष्मा लावून साल वाचलं. वहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मला वाटलं, तू तशीच आहेस," तो म्हणाला.

लाडीगोडी लावणं त्याच्या स्वभावात नव्हतं; त्याला खरंच तसं वाटत होतं. तिला क्षणभर इतकं बरं वाटलं की हातातला राग कुठे ठेवावा कळेना. मग कमरेवरचा डाग ठणकला.

"म्हणजे मी टेबलाला धडकत नव्हते. टेबल मला धडकत होतं. सत्तावीस वेळा लक्ष नसणे, लक्ष नसणे लिहिलंत. उठा. माप घ्या."

गळ्यातली टेप काढून तिने त्याच्या हातात दिली. जगातल्या सगळ्या वस्तू मोजलेल्या या माणसाने बायकोला कधी मोजलं नव्हतं. कुठून धरायचं, कुठे टेकवायचं, सगळं तिला सांगावं लागलं. प्रत्येक माप त्याने तीन-तीनदा घेतलं. सोळा, चौतीस, बेचाळीस. त्याने ते मिलिमीटरमध्ये लिहिलं आणि कागदाकडे बघत राहिला.

ती कपाटातून निळा कोट घेऊन आली. उलटा करून तिने शिवण त्याच्या नाकासमोर धरली. "ही माया बघा."

"कसली माया?"

"शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडतात ना, ती माया. बत्तीस वर्षं शिवणवालीबरोबर राहिलात आणि एवढं ठाऊक नाही? हा कोट मी तीनदा उसवून मोठा केला. लेक झाली तेव्हा, तुमचं टायफॉइडचं आजारपण काढलं त्यानंतर, आणि मग चाळिशीत. आत माया होती म्हणून जमलं. माणूस असतं तेवढंच कापड कापलं तर पहिल्यांदा खाली बसताच टर्रकन फाटतं."

"मापात माया कशी धरणार? माप म्हणजे माप."

"तुमच्या गाडीत कुठे आहे ती, तेवढं सांगा."

"गाडीत नाही ठेवता येत." तो खुर्चीत बसला. "सहा मीटरच्या वर गेलं की उभी करायला जागा मिळत नाही, वळणावर अडकते. कंपनी सहाच्या वर जाणार नाही. गटात ठरलंय तसं."

"गटात ठरलंय," ती म्हणाली. "ठीक आहे. उद्या अकरापर्यंत वेळ आहे. माझं हे आजचं माप तुमच्या सहा मीटरमध्ये बसवून दाखवा. बसलं तर सही करते. नाही बसलं तर नाही."

बोलून गेली आणि तिच्या लक्षात आलं, आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. अठ्ठेचाळीस माणसांच्या बसमध्ये बावन्न माणसं बसवून दाखवणारा हा गडी. त्याला सहा इंच बायको जड आहे? आणि बसवलं की बसवलं. मग शब्द फिरवायला तोंड राहणार नव्हतं.

संध्याकाळभर तो बाल्कनीत चालकाच्या खुर्चीवर मांडीवर पाट आणि पाटावर नकाशा घेऊन बसला. खोडरबराचा आवाज आत येत होता. मधेच तो उठे, पट्टीच्या आत येऊन टेबल बोटभर सरकवी, पुन्हा बाहेर जाई. एकदा तर तो स्वतःशीच म्हणाला, "जमतंय," आणि तिच्या हातातला चमचा खाली पडला. सकाळी ती उठली तेव्हा तो आधीच कामाला बसलेला होता. ती परगावी गेली आणि मशीनला तेल दिलं. हे बरोबर यायचं नव्हतं, तरी दिलं. पुढे कुणाच्या हातात गेलं तर निदान कुरकुरत तरी जाऊ नये.

अकराला दंतवैद्य आला. सरळ हॉल ओलांडत टेबलापर्यंत आला आणि नवरा-बायकोने एकदम श्वास रोखला, कारण माणूस भिंतीतून आला होता. त्याने कागद मांडले, पेनचं टोपण काढलं आणि पेन आधी तिच्यापुढे धरलं. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"थांबा," मिलिमीटर म्हणाला. त्याच्या हातात नकाशाची गुंडाळी होती. "खाट उभी फिरवली. ओटा सगळा बाहेर काढला. टेबल अर्धं केलं. होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं. आठ मिलिमीटर कमी पडतात. ही बसत नाही."

दंतवैद्याला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. "आठ मिलिमीटर? अहो काका, आठ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही."

"तुम्ही दात बसवता ना?"

दंतवैद्याने पेनला टोपण लावलं.

"मग तुम्ही तरी असं म्हणू नका. नाही बसत म्हणजे नाही बसत. तुमची खेप फुकट गेली, माफ करा."

तो गेल्यावर मिलिमीटर गुडघ्यांवर बसला आणि नखाने पट्टीचं टोक शोधून ती ओढायला लागला. ती टर्र आवाज करत निघत होती. त्याने टेबलावर ठेवलेली नकाशाची गुंडाळी बायकोने उलगडली. बोळात तीच दोन माणसं होती. 'मी' होता तसाच होता. 'ती' मात्र मोठी झाली होती, आणि तिच्याभोवती बाहेरून आणखी एक तुटक रेघ होती, दोन्ही बाजू मिळून दहा मिलिमीटर अंतर राखून काढलेली. शेजारी त्याच्या मुंगीसारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'माया १०'.

दहातून आठ वजा करायला तिला कॅल्क्युलेटर लागला नाही. ती रेघ काढली नसती तर ती दोन मिलिमीटर राखून बसली असती, आणि आत्ता कागदावर तिची सही असती. तिचे डोळे भरून आले. ते तिने कालपासून खुर्चीवर पडलेल्या निळ्या कोटाच्या बाहीला पुसले आणि नकाशाला रबर लावून तो कपाटावर ठेवून दिला. तो पट्टीचा गोळा करत होता, पाठमोरा.

चार महिन्यांनी कंपनीने ताडपत्री काढली. सकाळपासून तो फोन घेऊन बाल्कनीतल्या खुर्चीत बसून होता. ती खुर्ची काही त्याने तिथून हलवली नव्हती. चहाच्या वेळेला ती दारात येऊन उभी राहिली.

"आली का गाडी?"

"आली."

"वर खाट आहे?"

"नाही. पंखा निघाला." तो थोडंसं हसला. "साडेचार हजार माणसं तोंडावर आपटली."

"आणि लांबी किती?"

तो कुंडीतल्या झाडाकडे बघत होता. "पाहिली नाही," तो म्हणाला.

सावलीवरून छपराची उंची काढणारा माणूस सकाळपासून ती गाडी बघत होता, आणि त्याने लांबी पाहिली नव्हती. त्याचे कान लाल झाले होते. बत्तीस वर्षांत त्याने तिला सांगितलेलं हे पहिलं खोटं, आणि ते त्याला नीट सांगताही आलं नव्हतं. गाडी सहा मीटरच्या वर निघाली असणार, हे तिला कळलं. तिने पुन्हा विचारलं नाही. घर राहिलं होतं, मशीन राहिलं होतं, खिडकीतला उजेडही. त्याच्याकडे बघवत मात्र नव्हतं.

तो उठून रिकामा कप ठेवायला आत आला. पट्टी गेली तरी तिचा चिकट माग फरशीवर राहिला होता. रॉकेल लावून घासला, साबणाने घासला, गेला नाही. ती आतल्या खोलीकडे निघाली तसा तो थबकला आणि तिला जाऊ द्यायला अंग चोरून उभा राहिला. ती त्याच्यासमोरून तिरकी होऊन गेली, चपलांच्या कपाटापाशी वळली, आणि वळसा घालून मशीनवर जाऊन बसली.